आंब्याची अढी आणि मिटलेली कंपानुला : ऑस्लोतल्या एका कुंडीचं प्रकरण

झाड : कंपानुला आयसोफिला, म्हणजे घंटाफुलांच्या कुळातली खाली लोंबत वाढणारी जात. दोन टांगत्या कुंड्या, एक निळी, एक पांढरी.
ठिकाण : ऑस्लो, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.
तक्रार : निळ्या कुंडीतली सगळी फुलं दोन दिवसांत मिटून मऊ पडली. पानं हिरवीगार. पांढऱ्या कुंडीला काहीही झालेलं नाही.

घरात नवरा-बायको दोघंच, पण त्या जुलैत मुलीची, म्हणजे त्या बायकोची, आई (आमच्या काकू) पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली होती. मी उद्यानविद्या शिकलेली, त्यामुळे इथल्या मराठी घरांत कुणाच्याही कुंडीला काही झालं की फोन मला येतो. मुलगी म्हणाली, "ताई, आई म्हणतेय दृष्ट लागली, हे म्हणतात ऊन लागलं, आणि मी आपली पाणी घालत सुटलेय. तुम्ही एकदा बघून जा ना."

दोन्ही कुंड्या जूनअखेरीस एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी आणलेल्या. पांढरी झोपायच्या खोलीच्या खिडकीत टांगली, निळी स्वयंपाकघराच्या. हा योगायोग पुढे फार उपयोगी पडला, कारण तुलनेला सख्खं भावंड शेजारच्या खोलीतच हजर होतं. घरगुती झाडांच्या तक्रारींत असं सहसा मिळत नाही.

पाहणी

आधी निळीची कुंडी हातात उचलून बघितली. जड होती. शोभेच्या बाहेरच्या कुंडीला भोक नव्हतं आणि तळाशी बोटभर पाणी साचलेलं. मातीला किंचित आंबूस वास. हे तीन वेळा घातलेल्या पाण्याचं फळ. खालची दोन-तीन पानं पिवळी पडायला लागली होती, पण ती आजारानंतरची होती, आजाराचं कारण नव्हती. जास्त पाण्याने मुळं कुजतात तेव्हा झाड हळूहळू खंगतं. सगळी फुलं एका दमात मिटत नाहीत.

पाणी कमी पडलं असतं तर पानं आधी बोलली असती. या झाडाची पानं पातळ, बदामाच्या आकाराची, कडेला दातेरी असतात. माती सुकली की दुपारपर्यंत मान टाकतात. इथे पानं ताठ आणि फुलं मलूल, असा उलटा प्रकार होता.

ऊन म्हणावं तर खिडकी पश्चिमेची, आणि ऑस्लोत जुलैच्या संध्याकाळी सूर्य बराच वेळ आत घुसतो हे खरं. पण उन्हाचा चटका पाकळीच्या कडेवर कागदासारखा तपकिरी दिसतो आणि काचेकडच्या फुलांना आधी बसतो. इथे कुठेही करपलेलं नव्हतं. पाकळ्या आत वळून गुंडाळल्यासारख्या झाल्या होत्या, थोड्या पारदर्शक, ओल्या टिश्यू पेपरला बोट लावावं तशा. फुलकिडे नाहीत, लाल कोळी नाही. भिंग लावून पानाच्या पाठी तपासल्या.

मग दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, वयाचा फरक नव्हता. कालचं फूल, आठवड्याचं फूल आणि अर्धवट उमललेली कळी, तिन्ही एकाच अवस्थेत अडकलेली. म्हातारपणाने मिटली असती तर पाळीपाळीने मिटली असती. दुसरी गोष्ट त्या मुलीनेच सांगितली : सुरुवात सगळ्यात खाली लोंबणाऱ्या फांद्यांपासून झाली, वरची फुलं दुसऱ्या दिवशी गेली.

त्या खालच्या फांद्यांखाली, ओट्याच्या कडेला, एक खोका होता. वर जाडसर पंचा, आत वर्तमानपत्राचे थर. ग्रोनलँड भागातल्या पाकिस्तानी दुकानातून आणलेले चौसा आंबे, काकूंनी अढी लावलेले.

"हापूसची सर नाही त्याला," काकू म्हणाल्या, "पण कच्चेच देतात मेले इथे. म्हटलं चार दिवस दडपून ठेवू."

खोक्यातलं कारण

अढीत काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आंबे पेंढ्यात किंवा कागदात दडपून ठेवले की लवकर आणि सारखे पिकतात. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो, तो बंद जागेत कोंडतो, शेजारच्या आंब्याला लागतो, आणि तो आंबाही पिकायला आणि इथिलीन सोडायला लागतो. केळ्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू बाहेरून सोडतात. भारतात त्याला परवानगी आहे आणि कार्बाइडला बंदी. 1901 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या शास्त्रज्ञाने दाखवलं की दिव्यांच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात त्याला त्या गॅसमधलं इथिलीन जबाबदार आहे. पिकणारी फळं स्वतःच हा वायू बनवतात, हे रिचर्ड गेन यांनी 1934 साली सफरचंदांवर सिद्ध केलं.

जो वायू फळाला पिकवतो तोच कित्येक फुलांना म्हातारं करतो. कार्नेशन, ऑर्किड आणि कंपानुला ही त्यातली नावाजलेली नाजूक मंडळी. दहा लाख भाग हवेत एक भागाहूनही कमी इथिलीन पुरतं. पानांवर एवढ्याशा मात्रेचा लगेच काही परिणाम दिसत नाही, म्हणूनच पानं ताठ आणि फुलं मेलेली असं चित्र दिसतं. उत्पादकांना हे चांगलं ठाऊक असतं. युरोपात कुंड्या ट्रकने पाठवण्याआधी त्यांना इथिलीनविरोधी प्रक्रिया करण्याची पद्धत आहे, कारण ट्रकमध्ये शेजारी फळांची पेटी असेल तर माल पोचेपर्यंत नुसती पानंच उरायची. आपण विकत घेतलेल्या कुंडीवर ती प्रक्रिया झाली आहे की नाही हे चिठ्ठीवरून बहुतेक वेळा कळत नाही.

काकूंच्या उदबत्तीवरही जावयाचा संशय होता. तो अगदीच खुळा नव्हता. कुठल्याही धुमसणाऱ्या धुरात थोडं इथिलीन असतं. फिलिपाइन्समध्ये आंब्याला मोहोर यावा म्हणून बागेत पूर्वी धूर करत, त्यातही हेच तत्त्व. पण देवघर होतं झोपायच्या खोलीत, पांढऱ्या कुंडीच्या शेजारी. उदबत्ती दोषी असती तर पांढरी आधी गेली असती.

तरीही निळी आणि पांढरी ही दोन वेगळी वाणं. एक नाजूक, दुसरं काटक, असं असू शकतं. म्हणून पांढरीचे फुलं आणि कळ्या असलेले चार शेंडे खुडले. दोन काचेच्या मोठ्या बरण्या घेतल्या. दोन्हींत पाण्याची छोटी वाटी आणि त्यात दोन-दोन शेंडे. एका बरणीत पिकायला आलेला एक आंबा ठेवला, दुसरीत काही नाही. झाकणं लावून दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी. ऊन, उकाडा, दमटपणा दोघींना सारखा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंब्याच्या बरणीतली फुलं मिटलेली होती, अगदी निळीसारखीच आत वळून. रिकाम्या बरणीतली उघडी. काकू दोन्ही बरण्या उचलून खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आंब्यांनीच घात केला म्हणायचा."

हा प्रयोग घरी कुणालाही करता येतो, आंबा नसेल तर पिकलेलं केळं किंवा सफरचंद चालेल. फक्त बरणी उन्हात ठेवू नका, नाहीतर आत शिजून दोन्हीकडची फुलं जातील आणि काहीच कळणार नाही.

उपाय

आंबे हलवायचे की झाड, यावर थोडी चर्चा झाली. "फ्रीजमध्ये अढी लागते का कधी!" हा काकूंचा मुद्दा बिनतोड होता. झाड हललं. निळी बाल्कनीत गेली, सकाळचं ऊन आणि वाहती हवा मिळेल अशा कोपऱ्यात. बाहेरची बिनभोकाची कुंडी काढली आणि आतली कुंडी घडी घातलेल्या वर्तमानपत्रांवर रात्रभर ठेवली. कागद जास्तीचं पाणी ओढून घेतात. मग मातीचा वरचा थर हाताला कोरडा लागेपर्यंत पाणी बंद.

मिटलेली फुलं पुन्हा उमलत नाहीत, ती काढावीच लागतात. एकेक फूल देठासकट चिमटीने खुडायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि चिकटही, कारण या कुळातल्या झाडांना पांढरा चीक असतो आणि फांद्या ठिसूळ असतात, जोर लावला की कट्कन मोडतात. काकूंनी दोन दुपारी बसून ते केलं, भाजी निवडतात त्या सफाईने. पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत, नेहमीच्या निम्म्या मात्रेत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुंडी पुन्हा निळ्या चांदण्यांनी भरली होती आणि त्यावर भुंगे यायला लागले होते.

भुंग्यांचंही एक सांगायला हवं. घंटाफुलांत परागकण कळी उमलण्याआधीच मधल्या दांड्यावरच्या बारीक केसांवर लावून ठेवलेले असतात. फूल उघडल्यावर पुंकेसर वाळून जातात आणि परागकण दांड्यावरून वाटले जातात. केस मागाहून आत ओढले जातात. मग दांड्याचं टोक फाकून परागकण घ्यायला तयार होतं. भिंगातून हे टप्पे स्पष्ट दिसतात. परागण झालं की फुलाचं काम संपतं आणि ते लवकर मिटतं. तेव्हा बाल्कनीतली एखाद-दुसरी फुलं आधी गेली म्हणून पुन्हा आंब्यांकडे बोट दाखवायचं कारण नाही. ओळखायची खूण तीच : पाळीपाळीने जातात की सगळी एकदम.

हिवाळा, आणि दिव्याची गोष्ट

सप्टेंबरअखेर काकू पुण्याला परतल्या. हिवाळ्यात झाडं कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. हे मूळचं इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं झाड, फिनाले लिगुरे ते कापो नोली या लहानशा पट्ट्यातल्या चुनखडीच्या कड्यांवर उगवणारं. ज्युझेप्पे मोरेत्ती यांनी 1824 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कड्याच्या भेगेत राहणारं असल्याने मुळाशी पाणी साचलेलं त्याला सोसत नाही, आणि भूमध्यसागरी सौम्य थंडीची सवय असल्याने ऑस्लोचा जानेवारी बाहेर काढणं शक्य नाही. पाच ते दहा अंश, भरपूर उजेड, जेमतेम पाणी, ही त्याची विश्रांती.

त्या घरात काचेने बंद केलेल्या बाल्कनीचा एक कोपरा साधारण तेवढा थंड राहत होता. निळी तिथे ठेवली. पांढरीला जागा उरली नाही, ती बैठकीच्या खोलीत उभ्या दिव्याजवळ राहिली. खोली उबदार, दिवा रात्री अकरापर्यंत चालू.

जानेवारीत मुलीचा फोन आला, आनंदाचा. पांढरीला कळ्या आल्या होत्या! फोटो मागवला. लांबलचक बारीक फांद्या, पानं फिकट आणि विरळ, टोकाला तीन-चार लहान फुलं. हिटरच्या कोरड्या हवेत पानांच्या पाठीवर लाल कोळ्याची बारीक जाळीही सुरू झालेली. आनंद करण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

हे झाड दिवसाची लांबी मोजतं. दिवस साधारण 14 तासांच्या पुढे गेला की फुलायचं, त्याआधी नुसती पानं आणि फांद्या वाढवायच्या; तापमानानुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो. नॉर्वेत या विषयावर भरपूर काम झालं आहे. ऑस्लोजवळच्या ओस गावातल्या कृषी विद्यापीठात रोआर मो यांनी या एका झाडावर बरंच संशोधन केलं. 1991 साली त्यांनी अमेरिकेतल्या रॉयल हाइन्स आणि जॉन अर्विन यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि दिव्याच्या प्रकाशाचा रंग यांचा फांद्यांच्या लांबीवर कसा परिणाम होतो ते तपासलं आहे. दिवस उबदार आणि रात्र थंड असेल तर फांद्या लांबतात, उलट केलं तर आखूड राहतात. कुंड्या विकणाऱ्याला आखूड, गच्च झाड हवं असतं. आपल्याला बाल्कनीतून खाली लोंबणारं हवं असतं, त्यामुळे ऑस्लोच्या उन्हाळ्यातला गरम दिवस आणि गार रात्र आपल्या पथ्यावरच पडते.

दिवस लांब भासवायला प्रखर दिवा लागत नाही, बैठकीतला साधा दिवाही पुरतो. डिसेंबरात ऑस्लोचा दिवस जेमतेम सहा तासांचा, पण पांढरीच्या हिशेबी तो रात्री अकरापर्यंत चालला. दिव्याने तिला फुलायचा निरोप दिला. फुलायला लागणारी ताकद मात्र खऱ्या उजेडातून येते आणि तो खिडकीबाहेरही नव्हता. झाडाने साठवणीतलं खर्चून चार फुलं काढली.

पांढरीवरचा उपाय : पानं कोमट पाण्याच्या फवाऱ्याने दोन्ही बाजूंनी धुणं, कळ्या खुडणं, आणि निळी थोडी सरकवून तिच्या शेजारी थंडीत जागा.

मार्चच्या मध्यावर दोन्ही कुंड्या मातीपासून चार बोटांवर छाटल्या आणि शेंड्यांची कलमं केली. यात तारखेला महत्त्व आहे. ऑस्लोत दिवस एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात 14 तासांवर जातो. त्याआधी घेतलेली कलमं पानांच्या वाढीतली असतात, मुळं धरून फांद्या फुटायला त्यांना थोडा अवधी मिळतो. मे महिन्यात घेतलेल्या कलमाला दिवस आधीच लांब दिसतो, ते बोटभर असतानाच कळी धरतं आणि कुंडी कधीच भरत नाही. पाच सेंटिमीटरचा शेंडा, खालची पानं काढलेली, चीक पुसलेला, वाळू मिसळलेल्या हलक्या मातीत. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. एका टांगत्या कुंडीत चार-पाच कलमं एकत्र लावली तर ती गोल भरते. एकाच कलमावर समाधान मानलं तर वर्षभर एका बाजूला टक्कल दिसत राहतं. ऑस्लोचं नळाचं पाणी मऊ असल्याने मी त्यांना मातीत थोडी चुनखडीची बारीक खडी मिसळायला सांगितली. कड्यावरच्या झाडाला ती मानवते.

त्या उन्हाळ्यात थंडीत विसावलेल्या निळीने पांढरीच्या जवळपास तीन आठवडे आधी कुंडी भरली. पांढरी सावरली, पण उशिरा.

पुण्याला नेता येईल का?

फोटो पाहून काकूंनी पुण्याहून विचारलंच. "पुढच्या खेपेला येताना दोन काड्या ओल्या रुमालात गुंडाळून आणते. कुणाला कळतंय?"

कळण्याचा प्रश्न नाही. भारतात झाडं, कलमं किंवा बिया आणायच्या तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. रुमालातली काडी त्यात बसत नाही, आणि नियम योग्यच आहे. एका काडीबरोबर बुरशी किंवा कीड सहज येते, आणि बाहेरून आलेलं नको ते किती पसरतं हे आपण गाजरगवतापासून शिकायला हवं होतं.

पण नियम बाजूला ठेवला तरी पुण्यात हे झाड फुलणार नाही. पुण्याचा सगळ्यात मोठा दिवस 21 जूनचा, साधारण 13 तास 13 मिनिटांचा. 14 चा आकडा पुण्याच्या कॅलेंडरात येतच नाही. महाबळेश्वरला हवा थंड मिळेल, पण दिवस तेवढाच. उंचीने दिवस लांबत नाही. काकूंना हे शेवंतीवरून लगेच पटलं. त्यांच्या माहेरी मावळात पॉलिहाउसवाले शेवंतीवर रात्री दिवे लावतात. शेवंतीला फुलायला लहान दिवस लागतात, म्हणून दिवे लावून तिचं फुलणं लांबवतात आणि भाव असेल तेव्हा दिवे बंद करतात. कंपानुलाचं नेमकं उलट, तिला फुलवायला दिवा लावावा लागेल. ड्रॅगन फ्रूटला बिगरहंगामी फुलं यावीत म्हणून व्हिएतनाममध्ये बागाच्या बागा रात्री दिव्यांनी उजळतात, ते याच जातीचं काम. तेव्हा पुण्यात संध्याकाळी दोन-तीन तास दिवा लावून कळ्या आणता येतीलही. मग एप्रिल-मेचा उन्हाळा आणि त्यामागून पावसाळ्याची ओल, यातून ती मुळं कशी वाचवायची? एवढा उपद्व्याप करून टिकवलेलं झाड दर पावसाळ्यात कुजताना बघण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

टांगत्या कुंडीत निळी फुलंच हवी असतील तर पुण्यात इव्हॉल्व्ह्युलस लावावं, नर्सरीत ब्लू डेझ म्हणून मिळतं. आपल्या माळरानावरच्या विष्णुक्रांताचं ते जवळचं नातलग, मूळ ब्राझीलकडचं. पूर्ण ऊन लागतं, दिवसाच्या लांबीचं त्याला सोयरसुतक नाही, आणि पाणी साचलेलं तेवढं चालत नाही. फूल सकाळी उघडतं आणि दुपारनंतर मिटतं, दुसऱ्या दिवशी नवीन येतं. फांद्या लांबून टोकालाच फुलायला लागल्या की शेंडे खुडायचे, पावसाळ्यात कुंडी छपराच्या आडोशाला घ्यायची. काकूंनी दोन कुंड्या आणल्या आहेत, आणि त्या आधी कुठे टांगायच्या ते फोनवर विचारून घेतलं.